टाक्याची मजुरी : गोधडी, लाँगआर्म यंत्र आणि पारशिवनी

पारशिवनी तालुक्यात आलेल्या इतिहासप्रेमी माणसाची वाट ठरलेली असते. पेंचच्या जंगलाकडे एक फेरी, मग रामटेकचा गड, मेघदूताशी जोडली गेलेली ती टेकडी, आणि शेवटी मनसर. मनसरला १९९८पासून झालेल्या उत्खननात वाकाटककालीन वास्तूंचे अवशेष उघडे पडले आणि दुसऱ्या प्रवरसेनाचे प्रवरपूर ते हेच, असे अनेक अभ्यासक मानतात. विटांचे थर, त्यांखालचे थर, प्रत्येक थराचा काळ, हे सारे आपण तेथे डोळे भरून पाहतो. परतीच्या वाटेवर कुठल्याशा घरी चहाला थांबतो, बाजेवर घडी घालून ठेवलेल्या वाकळीवर बसतो आणि उठून जातो. ती वाकळसुद्धा थरांचीच वास्तू आहे, हे मनातही येत नाही. आजचा धागा त्या वाकळीविषयी आहे. तो दीर्घ आहे, तेव्हा सवडीने वाचावा.

नावांपासून आरंभ करू. गोधडी हा शब्द महाराष्ट्रभर चालतो. वाकळही सर्वत्र कळते, आणि वऱ्हाडी बोलीत 'ळ'चा 'य' होऊन तिची वाकय होते. बाळाचे ते दुपटे. संस्कृतातला शब्द कंथा. बंगालची कांथा तिचीच बहीण. रजई आणि दुलई मात्र वेगळ्या कुळातल्या, कारण त्यांच्या पोटात कापूस असतो आणि तो पिंजणारा पिंजारी हा स्वतंत्र कारागीर होता. गोधडीच्या पोटात कापूस नसतो. तिच्या पोटात जुनी लुगडी, धोतरे, अंगरखे, पोत्याचे कापड आणि क्वचित एखादी मिलची चादर असते. वरची साडी विरली की तिच्यावर दुसरी चढते आणि पहिली आत जाते. एखादी चाळीस वर्षांची गोधडी उसवली तर आतल्या थरात त्या घराचा कापडखरेदीचा इतिहास कालक्रमाने सापडतो. किती कागदपत्रांना हे भाग्य लाभते?

आता मूळ मुद्दा. गोधडीविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले. त्यातले बहुतेक आईच्या मायेविषयी आहे. त्याआधीच्या वाङ्मयात कंथा येते ती वैराग्याची खूण म्हणून. भर्तृहरीच्या वैराग्यशतकात ती आहे, नाथजोग्यांच्या वेशात आहे. आपल्या विदर्भातच, अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा म्हणत, ते त्यांच्या अंगावरच्या ठिगळांच्या वस्त्रामुळे. म्हणजे गोधडी पांघरणारा विरक्त आम्हाला ठाऊक आहे, गोधडीत निजणारे लेकरूही ठाऊक आहे. ती शिवणारी बाई मात्र कामगार म्हणून आमच्या इतिहासात कोठेच नाही. तिच्या कामाला माया म्हटले गेले, आणि मायेचा हिशेब मागणे अशिष्ट ठरले.

तर हिशेबच करू. पाच फूट रुंद आणि सात फूट लांब अशी मध्यम गोधडी घ्या. धावदोऱ्याच्या दोन ओळींत अर्ध्या इंचाचे अंतर धरा. हे अंतर फार दाट नाही. साठ इंच रुंदीत १२० ओळी बसतात, प्रत्येक ओळ ८४ इंचांची. एकूण शिवण १०,०८० इंच, म्हणजे सुमारे २५६ मीटर. ओळी उभ्या न घालता कडेपासून आत चौकोनात चौकोन घातले, तरी बेरीज जवळपास तीच. इंचाला चार टाके धरले तर टाके झाले ४०,३२०. पाच-सहा थरांतून सुई काढायची असते. मिनिटाला दहा टाके हा वेग चांगलाच म्हणावा लागेल. त्या वेगाने ६७ तास लागतात. दिवसाचे आठ तास धरल्यास आठ दिवसांहून अधिक. यात थर अंथरणे, कोपऱ्यांवर दगड ठेवून कापड ताणून घेणे, कच्चे दोरे घालणे आणि ठिगळे बेतणे धरलेले नाही.

२०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात मनरेगाची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरलेली होती. आठ दिवसांचे २,४९६ रुपये होतात. कापड, दोरा, नफा काहीही न धरता, केवळ टाक्यांचे. बाजारात पॉलिएस्टरचे गुबगुबीत ब्लँकेट काही शे रुपयांत मिळते. गोधडी का मागे पडली याचे अर्धे उत्तर या दोन आकड्यांत आहे. उरलेले अर्धे नागपूरच्या कापडात आहे.

नागपूर परिसर हा सुती कापडाचा मुलूख. कोष्टी, हलबा कोष्टी आणि मोमीन विणकरांचे हातमाग येथे पिढ्यान्पिढ्या चालले. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली आणि गिरणीचे कापड त्यांच्या शेजारी येऊन बसले. १९७१ साली राज्य हातमाग महामंडळ स्थापन झाले, तेही नागपुरात. १९७६च्या जनता कापड योजनेत हातमागावर स्वस्त साड्या-धोतरे विणली जात आणि ती गरिबाच्या घरात पोहोचत. हे सारे सुती होते. सुती लुगडे वापरून वापरून मऊ होते, घाम शोषते, त्यात सुई सहज जाते. गोधडीचा कच्चा माल म्हणजे दुसरे काही नसून कापडाचे म्हातारपण.

मग नायलॉन आणि पॉलिएस्टरच्या साड्या आल्या. त्या विरत नाहीत आणि मऊही होत नाहीत. त्या घसरतात, थर एकमेकांवरून सरकतात, आणि अंगावर घेतल्या तर उन्हाळ्यात चिकटतात, हिवाळ्यात गार लागतात. जनता कापड नव्वदीच्या दशकात बंद पडले, एम्प्रेस मिलचे भोंगेही कायमचे शांत झाले. घरात सुती जुनेर उरलेच नाही. हे मी मुद्दाम विस्ताराने सांगतो आहे, कारण यंत्राने गोधडी मारली असे हळहळत लिहिण्याची आता पद्धत पडली आहे. कालक्रम तपासला तर यंत्राचा हात गोधडीला लागण्याआधीच तिचे पोट रिकामे झालेले दिसते.

यंत्राची कथाही आपण जरा नीट पाहू. शिवणयंत्राचे महत्त्वाचे अमेरिकन पेटंट १८४६ साली इलायस हाऊने घेतले आणि १८५१मध्ये आयझॅक सिंगरने. सिंगर कंपनीची खरी करामत यंत्रात नव्हती, ती १८५६च्या सुमारास सुरू केलेल्या हप्तेबंदीत होती. घरातल्या बाईला यंत्र हप्त्याने घेता येऊ लागले आणि शिवणकाम हा घरबसल्या मिळकतीचा धंदा होऊ शकला. आपल्याकडे सिंगर आले, पुढे १९३०च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने उषा यंत्र बाजारात आणले.

यंत्रयुगाचे सर्वांत प्रसिद्ध टीकाकार महात्मा गांधी. त्यांनी १९२४ साली शांतिनिकेतनचे विद्यार्थी जी. रामचंद्रन यांच्याशी बोलताना सिंगरच्या यंत्राचा स्पष्ट अपवाद केला होता. तो संवाद 'यंग इंडिया'त प्रसिद्ध आहे. पत्नीचे कंटाळवाणे शिवणकाम पाहून कळवळ्याने सिंगरने यंत्र बनवले, असे गांधीजी तेथे सांगतात. (सिंगर महाशयांनी एकाच वेळी किती संसार थाटले होते हे वाचले, तर त्या कळवळ्यावर विश्वास ठेवणे जड जाते. असो.) कथा खोटी असली तरी कसोटी खरी आहे. यंत्र माणसाचे हातपाय निकामी करणारे नसावे, आणि ते पैशाच्या लोभापोटी नव्हे तर माणसाविषयीच्या प्रेमापोटी आलेले असावे, असे ते सांगत होते.

पाच वर्षांनी, १९२९मध्ये, चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्याच्या अटी इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचाव्यात इतक्या बारकाईने लिहिलेल्या आहेत. यंत्र खेड्यातल्या झोपडीत चालावे. एका बाईला सलग आठ तास विशेष थकवा न येता चालवता यावे. ते भारतात बनावे आणि किंमत १५० रुपयांच्या वर नसावी. ते वीस वर्षे टिकावे आणि वर्षाचा दुरुस्तीखर्चही मर्यादेत राहावा. किर्लोस्करवाडीचे गणेश भास्कर काळे यांचा चरखा या स्पर्धेत उतरला होता, पण बक्षीस अखेर कोणालाच मिळाले नाही. आणि १९३५ साली याच चरखा संघाने वर्धा येथे आणखी एक गोष्ट केली : कातणाऱ्या बाईला निर्वाहापुरती किमान मजुरी मिळालीच पाहिजे, मग खादी महाग झाली तरी चालेल, असे धोरण स्वीकारले. पारशिवनीहून वर्धा फार लांब नाही. सुताचा दर ठरवण्याचा हा वाद आपल्याच मुलखात झाला, आणि टाक्याच्या दराचा मात्र आजवर झालेला नाही.

येथे आपल्या धाग्यात लाँगआर्म यंत्र येते. नाव ऐकून बिचकू नका. साध्या शिवणयंत्रात सुई एका जागी असते आणि आपण कापड सरकवतो. सुई आणि यंत्राचा खांब यांच्यामध्ये वीतभरच जागा असल्याने जाड, मोठी रजई त्यात गुंडाळून कोंबावी लागते. लाँगआर्ममध्ये हे उलटे होते. दहा-बारा फूट लांबीच्या चौकटीवर रुळांमध्ये कापड ताणलेले असते आणि यंत्राचे डोके रुळांवरून चारी दिशांना फिरते. त्या डोक्याची बाहू लांब असते, अठरा ते तीस इंच, म्हणून नाव लाँगआर्म. शिवणारी व्यक्ती दोन मुठी धरून उभ्याने नक्षी काढते, जणू पेन्सिल स्थिर कागदावर फिरते आहे. हात हळू चालो वा जलद, टाक्याची लांबी समान ठेवणारे नियंत्रक त्यात असते. मागच्या बाजूला कागदी नक्षी पसरून प्रकाशाच्या ठिपक्याने ती गिरवता येते, आणि हल्लीच्या यंत्रांत संगणकच ती गिरवतो. मोठ्या गादी-कारखान्यांतली अनेक सुयांची यंत्रे वेगळी. ती थानच्या थान एकाच नक्षीने शिवतात. लाँगआर्म एका वेळी एकच रजई शिवते, म्हणून ते छोट्या धंद्याचे यंत्र ठरले.

चौकटीवर फिरणाऱ्या यंत्रांची पेटंटे एकोणिसाव्या शतकातच निघाली होती, पण घरगुती व्यवसायासाठी ती रूढ झाली १९८०च्या दशकात, मुख्यतः अमेरिकेतील मिझुरी राज्यात; वेस्ट प्लेन्स गावची गॅमिल कंपनी त्यातले ठळक नाव. त्या यंत्राभोवती एक नवा व्यवसाय उभा राहिला आणि मला इतिहासाच्या दृष्टीने यंत्रापेक्षा तो व्यवसाय अधिक लक्षणीय वाटतो. ठिगळे जोडून वरचा पदर बनवणारी व्यक्ती वेगळी, आणि तीन थर एकत्र शिवून देणारी वेगळी. ग्राहक आपला पदर घेऊन येतो. लाँगआर्मवाली बाई तो शिवून देते आणि फक्त शिवणीचे पैसे घेते. ते कसे? चौरस इंचाला इतके सेंट, असे. वर हिशेबाला घेतलेली आपली पाच फूट बाय सात फुटांची गोधडी ५,०४० चौरस इंचांची आहे. चौरस इंचाला दोन सेंट धरले तर शंभर डॉलर होतात. सलग साधी नक्षी असेल तर हा दर, प्रत्येक चौकटीसाठी निराळी नक्षी असेल तर त्याहून अधिक. दोरा वेगळा, अस्तर वेगळे, कडा शिवणे वेगळे.

म्हणजे ज्या कामाला आपण माया म्हणत होतो त्याचे क्षेत्रफळ निघाले, त्याचा दर लागला आणि त्याची पावती फाडली गेली.

यावर तेथेही गदारोळ झालाच. १९८९ साली केंटकीतील पडुका येथे अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीच्या प्रदर्शनात कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या यंत्राने क्विल्टिंग केलेल्या कलाकृतीला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. हाताच्या टाक्याला असा पराभव तोवर पाहावा लागला नव्हता, आणि यंत्राचे काम हे काम आहे का, यावर पुष्कळ वाद झाला. गंमत अशी की एकोणिसाव्या शतकात शिवणयंत्र नवे होते तेव्हा अमेरिकन गृहिणी आपल्या रजईवर यंत्राचे टाके मुद्दाम ठसठशीत दिसतील असे घालत. यंत्र घरी असणे ही प्रतिष्ठा होती. हाताचा टाका पवित्र ही भावना त्यानंतरची. आपल्याकडेही गोधडीची हळहळ वाढली ती गोधडी पांघरणे कमी झाल्यावर.

आता पारशिवनीकडे परत येतो. माझे मत असे : या तालुक्यात, किंवा कोणत्याही तालुक्यात, बायांच्या गटाने लाँगआर्म यंत्र अवश्य घ्यावे, पण त्याआधी दरसूची करावी. क्रम उलटा झाला तर यंत्र एखाद्या व्यापाऱ्याच्या गाळ्यात जाईल आणि बाया तेथे दोरे कापायला बसतील. हे भविष्य वर्तवायला ज्योतिष लागत नाही. नागपूरच्या हातमागाचा इतिहास वाचला तरी पुरे. माग विणकराच्या घरात होता, हात त्याचे होते, पण सूत व्यापाऱ्याकडून उचलीवर यायचे आणि तयार कापड त्यालाच द्यावे लागायचे, तेव्हा भाव तोच ठरवी.

दरसूची हा शब्द मी रोजगार हमीतून उचलला आहे. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला, त्यामागे वि. स. पागे यांची चिकाटी होती. त्या कामांवर माती खोदण्याचा दर सरसकट नसतो. मऊ माती वेगळी, मुरूम वेगळा, कठीण मुरूम वेगळा. माती किती लांब वाहून नेली आणि किती उंच चढवली याचेही पैसे मोजले जातात. आणि त्या मोजमापात बाई-पुरुष भेद नाही. जितके घनमीटर तितका दाम. मातीच्या ढिगाऱ्याला आम्ही इतक्या न्यायाने वागवले. मग सहा थरांतून जाणाऱ्या सुईला मोजपट्टी लावायला संकोच कसला? थर किती, ओळींतले अंतर किती, ओळी सरळ की चौकोनी, कापड नवे की जीर्ण (जीर्ण कापडाला अधिक दर हवा, कारण ते सांभाळून शिवावे लागते), ठिगळे किती, हाताचे काम की यंत्राचे. एवढे लिहिलेला फलक गटाच्या दारावर लागला, तर ग्राहकाची घासाघीसही वेगळ्या भाषेत होईल. तो "ताई, एवढे कशाचे?" असे विचारील, तेव्हा कशाचे ते भिंतीवर लिहिलेले असेल.

सरकारी योजनांचा येथे विचार करावाच लागतो. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसाय आहेत. त्यात शिंपी आहे, हार गुंफणारे आहेत, मासेमारीचे जाळे विणणारेही आहेत. गोधडी शिवणारी स्वतंत्रपणे नाही. तिने शिंपी म्हणून नाव लावायचे, मग १५,००० रुपयांचे अवजार-साहाय्य आणि पाच टक्के व्याजाने टप्प्याटप्प्याने तीन लाखांपर्यंत कर्ज. आयात केलेले लाँगआर्म यंत्र काही लाखांच्या घरात जाते, तेव्हा एकटीच्या कर्जात ते बसणे कठीण. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण महिलेला प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के अनुदान मिळते आणि स्वतःचे पाच टक्के घालावे लागतात; तो मार्ग अधिक जवळचा. पण या सर्व कागदांत यंत्राची किंमत लिहायला रकाना असतो, टाक्याची किंमत लिहायला नसतो. प्रकल्प अहवाल बनवणाऱ्या तरुण मित्रांनी तो रकाना स्वतः आखावा.

१९२९च्या त्या अटी लाँगआर्मला लावून पाहण्याचा मोह मला आवरत नाही. झोपडीत मावते का? बारा फुटांची चौकट, दोन्ही टोकांना वावरायला दोन-दोन फूट, म्हणजे सोळा फूट लांबी. पुढे-मागे उभे राहायची जागा धरून आठ फूट रुंदी. १२८ चौरस फूट झाले. घरकुल योजनेतल्या घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. जवळपास अर्धे घर यंत्रच खाईल. तेव्हा ही अट नापास, आणि म्हणून हे यंत्र एका घराचे नसून ग्रामसंघाच्या किंवा समाजमंदिराच्या खोलीतले असावे लागेल. आठ तास चालवता येते का? येते, पण उभ्याने. खांदे आणि पाठ भरून येतात, त्यामुळे पाळ्या लावाव्या लागतील. दुरुस्ती? येथे खरी अडचण आहे. सुई-हुकाचा मेळ बिघडला, नियंत्रक बंद पडला, तर साध्या शिवणयंत्राचा मिस्त्री पुरेल असे नाही. तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतल्या एका-दोघांना हे काम आधी शिकवल्याशिवाय यंत्र उतरवून घेऊ नये. विजेचा दाब वरखाली होणाऱ्या गावात स्थिर दाबाची व्यवस्थाही यंत्राच्या किमतीतच धरावी.

आणि कापड. हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. लाँगआर्मवर वरचा आणि खालचा थर रुळांवर ताणावा लागतो. तीस वर्षे नेसलेले लुगडे त्या ताणाला टिकणार नाही, टर्रकन फाटेल. म्हणजे बाहेरचे दोन थर नवे किंवा धडधाकट हवेत, आणि आजीचे लुगडे आतल्या थरात किंवा वर ठिगळांच्या रूपाने बसवावे लागेल. मग ही गोधडी राहिली का? माझे उत्तर : नाही, ती रजईची नवी जात झाली, आणि तिला तसेच म्हणावे. यंत्राच्या वस्तूवर हातशिलाईचे लेबल लावून पेंचला आलेल्या पर्यटकाच्या गळ्यात मारणे हा धंदा दोन हंगाम चालेल. हाताच्या गोधडीचा दर वेगळा आणि चढा, यंत्राच्या रजईचा वेगळा. दोन्ही एकाच गटाने कराव्यात. पोराच्या वसतिगृहासाठी यंत्राची, नातवंडासाठी हाताची. वर्षभराचा चुलखर्च यंत्र काढील आणि उन्हाळ्याच्या दुपारी, शेतीची कामे उरकल्यावर, ज्या बायांना हाताचे काम करायचे आहे त्यांना ते घाईने स्वस्तात द्यावे लागणार नाही.

हे स्वप्नरंजन आहे असे कोणी म्हणेल, म्हणून अलाबामाचे उदाहरण देतो. तेथल्या कृष्णवर्णीय शेतमजूर बायांनी नागरी हक्कांच्या चळवळीच्या काळात, १९६६मध्ये, फ्रीडम क्विल्टिंग बी ही सहकारी संस्था काढली. त्यांच्या रजया न्यूयॉर्कच्या मोठ्या दुकानांत गेल्या. पण दुकानांना एकसारखा माल हवा होता, मापे ठरलेली, रंग ठरलेले. पुढे संस्थेला आधार दिला तो सिअर्स कंपनीसाठी उशांचे कॉर्डरॉय अभ्रे शिवण्याच्या साध्या, एकसुरी कंत्राटाने. त्याच भागातल्या गीज बेंड गावच्या रजया २००२मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात कलाकृती म्हणून भिंतीवर लागल्या. म्हणजे एकाच मुलखातल्या बायांचे हात एकीकडे अभ्रे शिवून चूल पेटवत होते, आणि दुसरीकडे त्यांची जुनी पांघरुणे संग्रहालयात जात होती. अभ्रे शिवणाऱ्यांना मी कमी लेखत नाही. संस्था टिकली ती त्यांच्यामुळे.

आपल्या गोधड्यांचेही कौतुक बाहेर झाले आहे. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांचा महाराष्ट्रातील गोधड्यांवरचा सचित्र इंग्रजी ग्रंथ फ्रान्समधील क्विल्टमानिया या प्रकाशनाने काढला. २०१९मध्ये चेन्नईला भारतीय क्विल्ट महोत्सव भरला. आनंदच आहे. पण वारसा म्हणून मिरवणे आणि मजुरी देणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, आणि पहिले उत्साहाने करताना दुसऱ्याचा विसर पडतो, हे आपण किल्ल्यांच्या बाबतीतही पाहतोच. तट बांधणाऱ्या पाथरवटाचा रोज काय होता, असे किती धाग्यांत आपण विचारले?

आता वाचकांना एक काम. घरात जुनी गोधडी असेल तर पट्टी घेऊन बसा. लांबी-रुंदी, दोन ओळींतले अंतर, इंचात किती टाके, एवढे मोजा. कड जेथे उसवली असेल तेथून आतले थर पाहा : सुती किती, पॉलिएस्टर किती, कोठे मिलचा शिक्का दिसतो का. शिवणारी हयात असेल तर तिला विचारा, किती दिवस लागले आणि त्याचे काय मिळाले. धान्य, पैसे, की काहीच नाही. गाव आणि अंदाजे साल घालून उत्तर या धाग्याखाली लिहा. नागपूर, भंडारा, अमरावती, वर्धा या जिल्ह्यांतल्या नोंदी मला विशेष हव्या आहेत. पुरेशा जमल्या की टाक्यांची पहिली दरसूची आपण येथेच मांडू, आणि ती पारशिवनीच्या एखाद्या बचत गटाकडे तपासायला पाठवू. त्यांनी खोडून दुरुस्त केलेली प्रतही येथेच टाकीन.